अकरा नंबरचा एफडी आणि माझे चार शुक्रवार

गुरुवारी भोसरी एमआयडीसीला सुट्टी. विजेची देखभालीची कामंही बहुतेक गुरुवारीच निघतात. त्यामुळे शुक्रवारी सकाळी सातच्या शिफ्टला सगळी मशीन्स आणि सगळे मीटर एकदम चालू होतात. मीटर वाचणाऱ्या आमच्या प्रोग्राममधला बग फक्त त्या पंधरा मिनिटांत यायचा, आठवड्यातून एकदा. तो सापडेपर्यंत माझे चार शुक्रवार गेले. त्याची चिडचिड अजून गेलेली नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

काम तसं साधं होतं. एका कारखान्यातले चाळीसेक एनर्जी मीटर, आणि एका छोट्या लिनक्स बोर्डवर आमचा प्रोग्राम. मॉडबस टीसीपीवरून (कारखान्यातल्या उपकरणांशी नेटवर्कवर बोलायची पद्धत) प्रत्येक मीटरचं रीडिंग घ्यायचं आणि साठवायचं. चाळीस मीटरना चाळीस थ्रेड मला नको होते. सगळे मीटर वाचायला एकच थ्रेड, त्यात एक लूप. प्रत्येक सॉकेटला, म्हणजे मीटरशी असलेल्या जोडणीला, लिनक्सचा कर्नल एक नंबर देतो, तो फाइल डिस्क्रिप्टर किंवा एफडी. हे सगळे एफडी पोलला द्यायचे (कुठल्या एफडीवर डेटा आला ते सांगणारा सिस्टम कॉल), ज्याच्यावर डेटा आला त्याचा हँडलर, म्हणजे त्या मीटरचं रीडिंग घेणारा कोड, चालवायचा आणि परत पोलमध्ये जाऊन थांबायचं. शेजारी वॉचडॉग नावाचा एक वेगळा थ्रेड, उत्तर न देणारं कनेक्शन तोडून नवं जोडणारा. पोलसारखंच काम करणारं सिलेक्ट घेतलं नाही, कारण त्याला १०२४ एफडींची मर्यादा आहे. हजारो एफडींसाठीच्या ईपोलची चाळीस एफडींना गरजच नव्हती. लूप दोन दिवसांत उभा राहिला आणि टेबलावर महिनाभर न अडखळता चालला.

मग तिथल्या मेंटेनन्सच्या काकांचा फोन आला. "अहो साहेब, आमच्या भट्टीनं एका मिनिटात दीड लाख युनिट खाल्ले का?"

भट्टीचा मीटर ४१,२०६ दाखवत होता. सात वाजून चार मिनिटांनी एकच रीडिंग १,८७,५४० चं, आणि पुढच्या मिनिटाला पुन्हा ४१,२०७. मी आधी मीटरवरच शंका घेतली. तेव्हा काकांनीच सांगितलं, की दुसऱ्या शेडमधला कॉम्प्रेसर एक लाख सत्त्याऐंशी हजारांच्या आसपास आहे. म्हणजे कॉम्प्रेसरचं रीडिंग भट्टीच्या खात्यात पडलं होतं. पाठीत गार झालं. रीडिंग आलंच नाही तर निदान कळतं. चुकीच्या नावावर पडलेलं रीडिंग बिलाच्या हिशोबात तसंच जातं.

पहिल्या शुक्रवारी मी सहा वाजताच तिथे जाऊन बसलो. बग आला, पण आमच्या लॉगमध्ये वेळ फक्त सेकंदापर्यंत होती, त्यामुळे काही कळलं नाही. दुसऱ्या शुक्रवारी प्रोग्रामला एसट्रेस (प्रत्येक सिस्टम कॉलची नोंद दाखवणारं साधन) लावला, सगळ्या थ्रेडसकट. त्यानं प्रोग्राम इतका संथ झाला की वेळेचं गणितच बदललं आणि बग आला नाही. तिसऱ्या शुक्रवारीही तेच. सात दिवस थांबायचं आणि हात हलवत परत यायचं. ऑफिसात रोज तोच प्रश्न, "सापडलं का?" सोमवार ते गुरुवार मी कोड वाचत होतो आणि प्रत्येक ओळ बरोबरच वाटत होती.

चौथ्या आठवड्यात एसट्रेस बाजूला ठेवून मेमरीतच एक छोटा गोल लॉग केला, म्हणजे भरला की जुन्या नोंदींवर नव्या लिहिणारा. प्रत्येक नोंदीत थ्रेड, एफडी आणि मायक्रोसेकंदापर्यंतची वेळ, बाकी काही नाही. त्या शुक्रवारी हे मिळालं, जसंच्या तसं देतो:

लूप: पोल परतला, तयार ६, ९, ११
लूप: ६ चा हँडलर सुरू
वॉचडॉग: ११ बंद (भट्टी, उत्तर नाही)
वॉचडॉग: नवा सॉकेट = ११ (कॉम्प्रेसर)
वॉचडॉग: ११ वर विनंती पाठवली
लूप: ६ चा हँडलर संपला
लूप: ११ वाचला, हँडलर भट्टी

या सात ओळींत सगळं आहे. कर्नल नवा एफडी देताना सर्वांत लहान रिकामा नंबर देतो. ११ बंद केला आणि त्याहून लहान नंबर रिकामा नसला, की पुढचा सॉकेट ११ च होणार. पोल परतल्यापासून ११ ची पाळी येईपर्यंत एरवी क्षणही जात नाही, पण ६ च्या हँडलरमध्ये मी मेमरी कार्डावर एफसिंक (डेटा खरोखर कार्डावर उतरेपर्यंत थांबणारा कॉल) करत होतो आणि त्यात दोनशे मिलिसेकंद गेले. तेवढ्यात वॉचडॉग थ्रेडनं जुनं कनेक्शन तोडून नवं जोडलं. लूपच्या हातातली यादी जुनी, एफडीचा नंबर तोच आणि त्याच्या पलीकडचा मीटर वेगळा. लॉक होतं, नीट होतं, पण ते यादी बदलताना धरायचं होतं. पोल परतणं आणि वाचणं यांमधल्या वेळेवर कुणाचाच पहारा नव्हता. जुन्या हँडलरची मेमरी मोकळी झाली असती तर प्रोग्राम बहुधा कोसळला असता आणि पहिल्याच दिवशी कळलं असतं. शेअर्ड पॉइंटरनं (कुणी वापरत असेपर्यंत वस्तू मेमरीत ठेवणारा पॉइंटर) त्याला जिवंत ठेवलं. मॉडबसच्या उत्तरात ट्रान्झॅक्शन क्रमांक असतो, तो आम्ही तपासत नव्हतो. तो तपासाच.

मग टेबलावर आठ मीटर एका एक्स्टेंशन बोर्डवर लावले, हँडलरमध्ये मुद्दाम ३०० मिलिसेकंदांची झोप घातली आणि बोर्डाचं बटण बंद-चालू केलं. तिसऱ्याच वेळी बग समोर आला! हे पहिल्या आठवड्यात सुचायला हवं होतं. घटना आठवड्यातून एकदा घडत असेल तर तिची वाट बघू नका. वेळेतली फट मुद्दाम रुंद करा.

दुरुस्ती एका नियमाची: एफडी जोडणं, काढणं, बंद करणं हे फक्त लूपच्या थ्रेडनं करायचं. बाकीच्यांनी रांगेत चिठ्ठी टाकायची आणि इव्हेंटएफडीवर (पोलला जागं करायला वापरायचा खास एफडी) लिहून लूपला उठवायचं. बंद करण्याचं कामही फेरी संपल्यावर, मध्ये नाही. नंतर पाहिलं तर लिबयूव्हीत, म्हणजे असे लूप चालवणाऱ्या तयार लायब्ररीत, हाच नियम आहे. दुसऱ्या थ्रेडमधून बिनधास्त हाक मारता येईल असं तिथलं फंक्शन म्हणजे यूव्ही असिंक सेंड. आपण अडखळत जिथे पोचलो तिथे ती मंडळी आधीच होती, हे बघून मला बरं वाटलं.

उठवण्याबद्दल एक राहिलं. आधी इव्हेंटएफडी वाचून रिकामा करा, मग रांग उपसा. उलट केलंत तर त्या दोहोंच्या मध्ये आलेली चिठ्ठी तशीच पडून राहते, कारण तिची घंटा तुम्ही पुसून टाकलेली असते. इव्हेंटएफडी नॉन-ब्लॉकिंग ठेवा, आणि लिहिताना पूर्ण आठ बाइट लिहा, कमी चालत नाहीत.

टायमर मोनोटॉनिक घड्याळावर चालवा, म्हणजे तारीख-वेळ बदलली तरी उडी न मारणाऱ्या घड्याळावर. आमच्या बोर्डावर घड्याळाची बॅटरी नव्हती. गुरुवारच्या अंधारानंतर ते जुनीच वेळ घेऊन उठायचं, नंतर नेटवरून खरी वेळ आली की एकदम पुढे उडी मारायचं. वॉचडॉगला वाटायचं सगळीच कनेक्शन मेली. शुक्रवारी इतकी तोडजोड का होत होती, त्याचं अर्धं कारण हेच होतं.

कनेक्शन पूर्ण तुटलं की पोल हँगअप सांगत राहतो. तुम्ही इव्हेंट शून्य केले तरी सांगतो, आणि सीपीयू शंभर टक्क्यांवर जातो. थोडा वेळ गप्प बसवायचं असेल तर पोलच्या यादीत त्या एफडीच्या जागी उणे नंबर टाका, पोल तो सोडून देतो. आणि पुढेमागे ईपोलवर जाणार असाल तर सॉकेट बंद करण्याआधी ईपोलच्या यादीतून स्वतः काढा आणि प्रत्येक सॉकेटला क्लोएक्झेक (एक्झेकनं दुसरा प्रोग्राम सुरू होताना एफडी आपोआप बंद करणारी खूण) लावा. फोर्क केलेल्या पोराकडे, म्हणजे चाइल्ड प्रोसेसकडे, एफडीची प्रत राहिली तर तुम्ही बंद केलेल्या एफडीचे इव्हेंट येतच राहतात.

एफसिंक आता वेगळ्या थ्रेडमध्ये आहे. लूपमध्ये थांबण्याची जागा एकच, पोल.

पाचव्या शुक्रवारी मी पुन्हा सहा वाजता तिथे होतो. सात ते सव्वासातमध्ये ११ नंबर नऊ वेळा बंद होऊन नऊ वेळा दुसऱ्या मीटरला मिळाला. भट्टीचं रीडिंग एक-एक युनिटनं सरळ चढत गेलं. काकांनी वहीत मीटरवरचा आकडा लिहिला, स्क्रीनवरचा आकडा शेजारी लिहिला, दोन्हींखाली रेघ मारली आणि मला चहाला घेऊन गेले.