आमची वाटचाल : निगेटिव्ह सपाट धरण्याचा धंदा

आमची फर्म उभी राहिली ती डार्करूमच्या मोडीत निघालेल्या सामानावर. रोल धुऊन प्रिंट काढणाऱ्या मिनीलॅबची कामं आटत चालली होती, निगेटिव्हवरून मोठे प्रिंट काढायचे एन्लार्जर भंगारात जात होते, आणि लोकांच्या कपाटांत बटर पेपरच्या पाकिटांमधून निगेटिव्हच्या पट्ट्या पडून होत्या. प्रिंट हरवले, पिवळे पडले, एकमेकांना चिकटले. निगेटिव्ह मात्र बहुतेक घरांत शाबूत होत्या. त्या स्कॅन करून त्यांच्यातलं चित्र मूळ फिल्मच्या तोडीचं बाहेर काढायचं, एवढंच आमचं काम. ते आम्ही आजवर नेकीनं केलं आहे, हे अभिमानानं सांगतो.

सुरुवातीला आमच्याकडे एकच फिल्म स्कॅनर होता. फक्त 35 मिमीसाठी, 4000 डीपीआयचा (म्हणजे इंचाला 4000 ठिपके वाचणारा), धूळ आणि ओरखडे ओळखायला इन्फ्रारेडचा वेगळा चॅनेल असलेला. 24 बाय 36 मिमीच्या फ्रेममधून त्यावर साधारण 5670 बाय 3780 पिक्सेल मिळत, म्हणजे 21 मेगापिक्सेलच्या वर. हौशी कॅमेऱ्यावर काढलेल्या बहुतेक रंगीत रोलमधून याहून जास्त ओढायला गेलं, तर चित्र वाढत नाही, फिल्मचा दाणा तेवढा ठसठशीत होतो. त्या यंत्रावर काही वर्षं काम सुरळीत चाललं.

मग आमच्याच धंद्यातल्या एका दुकानानं पत्रक काढलं : 9600 डीपीआय, आणि दर आमच्या निम्म्याहून कमी. त्या एका आकड्यानं आमची फर्म बुडायच्या बेताला आली, म्हणून हे सविस्तर लिहितो. गिऱ्हाईक दारात उभं राहूनच विचारायचं, ‘‘तुमचं चार हजार, त्यांचं साडेनऊ हजार. मग तुमच्याकडे का द्यायचं?’’ प्रश्न रास्त होता. उत्तर मात्र एका वाक्यात बसणारं नव्हतं, आणि ते ऐकायला थांबणारे थोडे.

त्या दुकानातलं यंत्र म्हणजे साधा फ्लॅटबेड, कागद काचेवर ठेवून वाचणारा सपाट स्कॅनर. पट्टी होल्डरमध्ये न घालता सरळ काचेवर ठेवलेली. त्यामुळे आकाशाच्या जागी न्यूटनच्या कड्यांचे, म्हणजे फिल्म काचेला टेकली की उमटणारे, रंगीत डाग, आणि फोकस कुठेच धड नाही. 9600 नं 35 मिमीची एक फ्रेम घेतली की सुमारे 13,600 बाय 9,070 पिक्सेल होतात. 16 बिटची टिफ काढली तर एकेक फाइल 740 एमबीच्या घरात जाते. फाइल उघडताना संगणक धापा टाकी आणि लोकांना वाटे, एवढी जड आहे म्हणजे माल चोख असणार. त्यातले बहुतेक पिक्सेल भरतीचे होते. दुधात पाणी घालून भांडं भरावं, तसे.

याच काळात एका संस्थेचं मोठं काम, जुन्या ब्लॅक अँड व्हाइट रोलचं, आमच्या हातातून गेलं. बोलणी पूर्ण झाली होती, नमुने पसंत पडले होते. शेवटच्या तक्त्यात ‘डीपीआय’ असा एक रकाना होता. त्यात मोठा आकडा ज्याचा, काम त्याचं. ‘नमुन्याचे फोटो शेजारीशेजारी ठेवून बघा’ असं आम्ही लेखी कळवलं होतं. ते कुणी ठेवले नाहीत. ही गोष्ट मला आजही डाचते.

संकट एकटं येत नाही म्हणतात, ते खरं. त्याच हंगामात आमचा स्कॅनर बंद पडला. पट्टी आत ओढणारी यंत्रणा अडखळू लागली आणि सुटे भाग मिळेनात. फिल्म स्कॅनरचा बाजार तोवर आटलाच होता. कोनिका मिनोल्टानं 2006 मध्ये कॅमेऱ्यांचा धंदाच सोडला, पुढे निकॉनच्या कूलस्कॅन मालिकेचं उत्पादनही थांबलं. जुनी यंत्रं हातोहात विकली जात होती, पण कुणाला फायरवायरची जुनी जोडणी हवी, कुणाला जुनी विंडोज. आमच्याकडे ना यंत्र होतं, ना नवं घ्यायला पैसे.

तेव्हा फर्म तगली ती माझ्या भागीदारामुळे. तो मूळचा कॅमेरे आणि एन्लार्जर दुरुस्त करणारा. फीलर गेज, स्पिरिट लेव्हल, बारीक कानशी, घड्याळजीचे पेचकस आणि दहापट दाखवणारी लूप, ही त्याची हत्यारं. त्यानं एक जुना एन्लार्जर घेतला, वरचं डोकं काढलं आणि खांबावर डिजिटल कॅमेरा खाली तोंड करून बसवला. लेन्स 55 मिमीची मायक्रो-निक्कोर, म्हणजे निकॉनची जवळून टिपणारी मॅक्रो, हातानं फोकस करायची. ती नुसती अर्ध्या आकारापर्यंतच जाते, म्हणजे सेन्सरवर चित्र फिल्मच्या निम्मं पडतं. पीके-13 ही जोडरिंग मागे लावली की बरोबर 1:1, फिल्मएवढंच. खाली एलईडीचा पॅनेल, त्यावर दुधी अ‍ॅक्रिलिक, आणि त्याच्यावर चार बोटं अंतर सोडून पट्टी धरणारा ॲल्युमिनियमचा मास्क. ते अंतर महत्त्वाचं, नाहीतर अ‍ॅक्रिलिकवरची धूळसुद्धा फोटोत उतरते.

तो मास्क त्यानं हातानं कानशीनं घासून केला. फ्रेमची खिडकी नेमकी, कडा आतून मॅट काळ्या, आणि पट्टी सरकायच्या खाचेत एकही खरखरीत जागा नाही. कुठे फिल्म घासते का, हे तो नखानं तपासायचा. बाजारातले तयार होल्डर मी पुष्कळ हाताळले आहेत. त्या मास्कइतकी सपाट पट्टी धरणारा क्वचितच मिळाला.

समांतरपणा तो आरशानं जुळवायचा. फिल्मच्या जागी छोटा आरसा ठेवायचा आणि व्ह्यूफाइंडरमधून बघायचं. लेन्सचं स्वतःचं प्रतिबिंब बरोबर मध्यभागी आलं, म्हणजे कॅमेरा आणि फिल्म समांतर. महागडी अवजारं घेऊनही लोक हे करत नाहीत आणि मग एक कोपरा मऊ आला की लेन्सला दोष देतात.

या पडत्या काळात एक गिऱ्हाईक आमच्याकडून हललं नाही. त्यांना आम्ही सगळे काका म्हणतो. आयुष्यभर टीएलआरवर, म्हणजे दोन लेन्सच्या जुन्या कॅमेऱ्यावर, लग्नांचे फोटो काढलेला माणूस. 120 च्या रुंद फिल्मवरच्या, 6 बाय 6 सेंटीमीटरच्या निगेटिव्ह, पेट्याच्या पेट्या. यंत्र बंद आहे हे कळल्यावर म्हणाले, ‘‘पेट्या इथेच राहू द्या. जमेल तेव्हा करा.’’ त्या दुकानानं त्यांनाही बोलावलं होतं. त्यांनी तिथली एक फाइल मोठी करून बघितली आणि आम्हाला येऊन सांगितलं, ‘‘नवरीच्या पापण्या मोजता येत नाहीत. मूळ निगेटिव्हवर लूप ठेवली तर मला येतात.’’ आमची बाजू एवढ्या नेमक्या शब्दांत मलाही कधी मांडता आली नव्हती.

आणि काकांच्याच कामात आम्ही फ्लॅटबेड घेतला. होय, फ्लॅटबेड. आमचं भांडण यंत्राशी कधीच नव्हतं, खोट्या आकड्याशी होतं. 6 बाय 6 ची फ्रेम प्रत्यक्षात 56 मिमीच्या आसपास असते. 24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यानं ती एका फोटोत घेतली की चौकोनी कापून 4000 बाय 4000 उरतात, म्हणजे जेमतेम 1800 डीपीआय. एप्सनच्या व्ही700-व्ही850 जातीचा फ्लॅटबेड, होल्डरची उंची नीट लावली तर, खरे 2300 च्या आसपास देतो. तिथे फ्लॅटबेड सरस. 35 मिमीला मात्र तोच कमी पडतो, कारण 24 मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम (35 मिमीच्या फ्रेमएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यात 1:1 नं 4200 च्या वर मिळतात.

खरे किती, हे मोजायची रीतही सांगून ठेवतो. काचेवर छापलेलं यूएसएएफ 1951 टार्गेट, म्हणजे बारीक होत जाणाऱ्या रेघांचा तक्ता, स्कॅन करायचं आणि कुठवरच्या रेघा सुट्या दिसतात ते बघायचं. पाचव्या गटातला तिसरा घटक म्हणजे मिलिमीटरला सुमारे 40 रेघजोड्या (काळी आणि पांढरी मिळून एक जोडी). दोनानं गुणा, मग 25.4 नं गुणा : 2000 च्या किंचित वर. खोक्यावर 6400 असो की 9600, तुमचं यंत्र तिथे थांबलं तर ते 2000 चं आहे. आमच्या प्रत्येक पावतीवर आता हा मोजलेला आकडा असतो.

घरी स्वतः करू म्हणणारे आमच्याकडे विचारायला येतात, त्यांना मी परत पाठवत नाही. घरात डिजिटल कॅमेरा असेल तर आधी मॅक्रो लेन्स आणि चांगला होल्डर घ्या. कॅमेरा बदलायची घाई नको. एपीएस-सी, म्हणजे फुल फ्रेमहून लहान, सेन्सर असेल तर 35 मिमीला 0.65 पट मोठेपण पुरतं. दिव्याचा सीआरआय, म्हणजे रंग खरे दाखवण्याचा आकडा, 95 च्या वर हवा, नाहीतर रंगीत निगेटिव्हची नारिंगी झाक काढून रंग उलटवताना त्वचेचे रंग हातात राहत नाहीत. ॲपर्चर एफ/8, 1:1 ला तोच एफ/16 सारखा वागतो, म्हणून याहून बंद करू नका, चित्र मऊ पडतं. रॉ मध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, घ्या, आणि रोलच्या सगळ्या फ्रेम एकाच एक्स्पोजरवर. मॅट बाजू इमल्शनची, म्हणजे चित्राच्या थराची, तिला बोट लावायचं नाही. आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश. पाण्याचं फडकं कधीच नाही. रंगीत निगेटिव्हवर ओरखडे फार असतील तर इन्फ्रारेडवाला फिल्म स्कॅनर शोधा, कॅमेऱ्यात ती सोय नाही. छोटा स्क्रीन लावलेली डबी घ्यायचा मोह अनेकांना होतो, ती फिल्म आत सरकवून बटण दाबायची. आत लहान सेन्सर असतो, फाइल फुगवलेली आणि बहुधा फक्त जेपेग. पट्टीत काय आहे ते चाळायला ठीक, जपून ठेवायला नाही.

त्या संस्थेचे रोल गेल्या वर्षी आमच्याकडे आले. आधीच्या फाइली मोठ्या केल्या की काही हाती लागत नाही, असं पत्रात लिहिलं होतं. काचेवर घासून इमल्शनवर लांब ओरखडे पडलेत. मधल्या काळात काही रोलना व्हिनेगरसारखा वास येऊ लागलाय आणि पट्ट्या आक्रसून वाकल्यात. त्या मास्कमध्ये बसत नाहीत, म्हणून भागीदारानं न्यूटनच्या कड्या येऊ न देणाऱ्या अँटी-न्यूटन काचेचा वेगळा होल्डर केला. चांदीच्या ब्लॅक अँड व्हाइट फिल्मला इन्फ्रारेडची सफाई लागू पडत नाही, चांदीच त्या किरणांना अडवते. त्यामुळे ओरखडे हातानं भरावे लागतात, एकेक फ्रेम घेऊन. वास येणारे, म्हणजे कुजत चाललेले, रोल आधी घेतोय, बाकीचे नंतर. या वेळच्या तक्त्यात डीपीआयचा रकाना आम्ही स्वतः भरला, टार्गेटवर मोजून, आणि दर पहिल्या वेळी सांगितला होता तोच ठेवला.