टनब्रिज वेल्सचं वाटोळं होवो

फिल्मचं नाव म्हणजे चक्क शिवी असू शकते हे मला परवा रात्री कळलं. ‘गॉड रॉट टनब्रिज वेल्स!’, म्हणजे आमच्या आजीच्या भाषेत इंग्लंडमधल्या त्या गावाचं वाटोळं होवो. १९८५ साली पाश्चात्त्य संगीतकार हँडेलच्या जन्माला ३०० वर्षं झाली म्हणून टोनी पामरने चॅनल फोरसाठी केलेली ही टीव्ही फिल्म, लिहिलीय जॉन ऑस्बर्नने. आता त्रिशताब्दी म्हटल्यावर हारतुरे, समई, थोर पुरुषाचा फोटो असा मामला असायला हवा की नाही, पण इथे म्हातारा हँडेल (ट्रेव्हर हॉवर्ड) टनब्रिज वेल्सच्या हौशी मंडळींनी त्याच्या ‘मसाया’ या संगीतरचनेची लावलेली वाट ऐकून घरी येतो आणि शेवटच्या रात्री सगळ्या जगाच्या नावाने बोटं मोडत बसतो. मधे मधे जरा लांबतं, म्हातारा बोलतोच बोलतो, पण मला चालतं, मला घरून सवय आहे.

म्हणजे आमचे आप्पा. आप्पांनी आयुष्यभर पेटी वाजवली. सोसायटीच्या गणपतीत कुणी नाट्यगीत सुरू केलं की यांची बोटं मांडीवरच पट्टी शोधायला लागायची आणि घरी आल्यावर चपला काढायच्या आधीच सुरू, “काळी दोनमध्ये उचललं आणि नेऊन ठेवलं कुठे!”

आणि पेटीवरून उठणं हा तर विषयच नको. हँडेलही तसलाच. १७०४, हॅम्बुर्ग, हा एकोणीस वर्षांचा, मित्र माथेसोनच्या ‘क्लिओपात्रा’ ऑपेराला हार्पसिकॉर्डवर, म्हणजे पियानोसारख्या वाद्यावर बसलेला. माथेसोन स्वतः अँटनीचं काम करायचा आणि स्टेजवर मरून झाला की खाली येऊन हार्पसिकॉर्डवर बसायचा. त्या दिवशी हँडेल उठेचना. बाहेर तलवारी निघाल्या, आणि माथेसोनची तलवार हँडेलच्या कोटाच्या बटणावर आपटून मोडली. एक बटण हो! ते जरा इकडेतिकडे असतं तर १७४१ मध्ये २४ दिवसांत लिहिलेला ‘मसाया’ नाही, आणि रात्री साडेबाराला डोळे ताणून फुटबॉलची चॅम्पियन्स लीग बघणाऱ्यांनो, ती तुमची सुरुवातीची धूनही नाही, ती बेतलीय याच्याच ‘झेडॉक द प्रीस्ट’वर.

गंमत म्हणजे टनब्रिज वेल्सवर चिडायला खऱ्या हँडेलकडे वेगळंच कारण होतं. तिथल्या झऱ्याचं पाणी प्यायला बडे लोक जायचे, हाही जायचा, आणि १७५८ मध्ये जॉन टेलर नावाच्या डोळ्यांच्या वैदूने त्याच्या डोळ्यांना हात लावला तो तिथेच असं म्हणतात. याच टेलरने आधी दुसरा संगीतकार बाख याचे डोळे कापले होते. दोघांनाही काडीचा फायदा झाला नाही.

आप्पांच्या शिव्या मात्र निव्वळ सुरासाठी. एका वर्षी समितीच्या कुणीतरी वैतागून म्हटलं, मग तुम्हीच शिकवा. पुढच्या गणपतीच्या आधी पंधरा दिवस आप्पा रोज संध्याकाळी पेटी घेऊन क्लबहाउसमध्ये, आणि शिव्या आता तोंडावर.