लेबलवरून स्वेटरचं वय : महिना चौथा

मंडळी, गेल्या वेळी त्या हिरव्या कार्डिगनला मी १९६७ साल देऊन मोकळी झाले होते, ते चुकलंय, आधी तेच दुरुस्त करते. बाजूच्या शिवणीतल्या लेबलवर आरएन नंबर, म्हणजे अमेरिकेतला कंपनीचा नोंदणी क्रमांक होता, ३६ हजारांच्या आसपासचा, आणि आपण सगळे करतो तेच अंदाजी गणित मी केलं, नंबरातून १३,६७० वजा करायचे, उरतील त्यांना २,६३५ ने भागायचं आणि येईल ते १९५९ मध्ये मिळवायचं. आलं साधारण १९६७. पण हा नंबर स्वेटरचा नसतोच ना, तो कंपनीचा असतो, कंपनीने फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेकडे नोंदणी केली तेव्हा मिळालेला, आणि तोच नंबर कंपनी पुढे कितीही वर्षं लावत राहू शकते. म्हणजे स्वेटर त्याच्या आधीचा नाही एवढंच कळलं, कितीने नंतरचा ते नाहीच.

शनिवारी भिंग घेऊन परत बसले. त्याच लेबलच्या मागे बारीक अक्षरात धुण्याच्या सूचना निघाल्या, कोमट पाण्यात मशीन वॉश, ड्रायर मंद. अमेरिकेत अशा सूचना कपड्यावर कायमच्या लावायचा नियम ३ जुलै १९७२ पासून लागू झाला. त्याआधीही काही जण आपणहून द्यायचे म्हणून तेवढ्यावर थांबले नाही, आतली शिवण चाचपत गेले तर अजून एक छोटं लेबल सापडलं, आयएलजीडब्ल्यूयूचं, म्हणजे बायकांचे कपडे शिवणाऱ्या कामगारांच्या युनियनचं, आणि तेही लाल-पांढऱ्या-निळ्या रंगातलं! हे रंग १९७४ चे, आणि ही युनियन १९९५ मध्ये दुसरीशी एकत्र होऊन नवीच युनियन झाली. म्हणजे वीस-एकवीस वर्षांची खिडकी मिळाली. खांद्यात पॅड नाहीत, अंगाला बेताची बसते, कॉलरची टोकं लांब, त्यामुळे माझा कल सत्तरच्या दशकाकडे आहे, पण त्याच्या नोंदीच्या कार्डावर मी "१९७४ नंतर" एवढंच पक्कं लिहिलंय आणि बाकीचं पेन्सिलने.

आता या महिन्याचा खरा आनंद. इथे न्यू जर्सीत एका इस्टेट सेलमध्ये तपकिरी पुलओव्हर मिळाला, गळ्याला धातूची झिप, कोपरावर कसर लागलेली, आणि लेबलवर "रिप्रोसेस्ड वूल". दोन शब्द, पण मी तिथेच उभी राहून तीनदा वाचले. अमेरिकेचा लोकरीच्या लेबलांचा कायदा १९३९ चा, अंमल १९४१ पासून, त्यात लोकरीचे प्रकार वेगळे सांगायला लागायचे. विणून झालेली पण कोणी वापरलेली नाही अशी लोकर, म्हणजे कारखान्यातल्या कातरणी वगैरे, उसवून पिंजून परत काढली तर ती रिप्रोसेस्ड, आणि लोकांनी वापरलेल्या कपड्यातून काढली तर ती रियूज्ड. १९८० ला कायदा बदलला आणि दोन्हींना एकच नाव झालं, रिसायकल्ड. त्यामुळे हा शब्द दिसला की माझ्यासाठी १९४१ ते १९८० ची चौकट ठरली. वर त्यावर डब्ल्यूपीएल नंबर आहे, लोकरीच्या मालासाठी कंपनीला मिळायचा तो नोंदणी क्रमांक, आणि ते नंबर १९४१ ते १९५९ याच काळात दिले गेले. पण इथेही हिरव्या कार्डिगनचाच धडा, नोंदणी त्या काळातली, नंबर पुढे चालू राहू शकतो, म्हणून झिप आणि वीण बघूनही मी पन्नासचं दशक हे पेन्सिलनेच लिहिलंय.

आणि हेच काम, जुने लोकरीचे कपडे फाडून पिंजून त्याचं सूत आणि ब्लँकेटं करायचं, आज आपल्या पानिपतात प्रचंड प्रमाणावर चालतं, जगभरातून स्वेटरांचे गठ्ठे तिथे येतात. आपल्याला पानिपत म्हटलं की १७६१ च आठवतं, पण मला हल्ली आधी तिथली लेबलं डोळ्यासमोर येतात, कापून बाजूला टाकलेली, आणि खरंच जीव तुटतो.

अजून एक झटपट सांगते कारण नवीन लोकांना हमखास उपयोगी पडेल. एका विक्रेत्याने "१९५० चा ब्रिटिश स्वेटर" म्हणून लावलेल्या तुकड्यावर वूलमार्कचं, म्हणजे शुद्ध लोकरीचं चिन्ह होतं, तो लोकरीचा पिळा. ते चिन्ह आलंच १९६४ ला. मिश्र लोकरीचं चिन्ह तर १९७१ चं. स्वेटर छान होता, पन्नासचा नव्हता, म्हणून मी त्या किमतीला घेतला नाही.

आता आईचा स्वेटर. पुण्याहून येताना ट्रंकेतून काढून आणला, अजून डांबरगोळ्यांचा वास जात नाहीये. मरून रंगाचा, पुढे केबलची वीण, गळ्याला मुंबईच्या दुकानाचं लेबल आणि पत्त्यात नुसतं "बॉम्बे-२". इथे अमेरिकेत पत्त्यातला झिप कोड १९६३ चा तसा आपला पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ चा, तो बसवला श्रीराम भिकाजी वेलणकरांनी, संस्कृतचे कवी आणि पोस्ट खात्यातले अधिकारी. काळबादेवीचं मुंबई-२ तेव्हापासून ४०० ००२ झालं. मी आईला फोनवर मोठ्या खात्रीने सांगितलं की तुझा स्वेटर ७२ च्या आधीचा आहे, तर ती म्हणाली अगं नाही, लग्न ठरलं त्या थंडीत बाबांनी घेऊन दिला, म्हणजे ७५, आणि दुकानदार काय छापलेली लेबलं टाकून देतो का, संपेपर्यंत तीच लावणार! बरोबरच आहे तिचं. पिनकोड असता तर ७२ नंतरचा हे पक्कं होतं, पण नाही म्हणून आधीचा असं होत नाही, धुण्याच्या सूचना नसल्या तरी तेच. तिने मग अल्बममधला फोटो पाठवला, अंगात हाच स्वेटर, मागे शाईने डिसेंबर १९७५.

तर कार्डावर १९७५ पेनने लिहिलं, पुरावा या रकान्यात "फोटो, आई". डाव्या बाहीला कसरीची दोन भोकं आहेत, रफू करायला तसल्या मरून रंगाची बारीक लोकर कुणाकडे उरलेली असेल तर कळवा, नवीन घेतलेली कुठलीच जुळत नाहीये.