रिट्झव्हिल: रुळांच्या कडेने पाहिलेले गव्हाचे गाव

सिएटलहून स्पोकेनला जाणारे बहुतेक प्रवासी वॉशिंग्टन राज्यातील रिट्झव्हिल येथे पेट्रोल भरतात आणि पुढे निघतात. रेल्वे आणि धान्यव्यापार यांचे नाते एकाच रस्त्यावर पाहायचे असेल, तर येथे अर्धा दिवस थांबावे, असे मी सुचवीन. आय-९० महामार्गाच्या २२० किंवा २२१ क्रमांकाच्या एक्झिटने गावात शिरता येते. हे क्रमांक मैलांवरून दिलेले असल्याने सिएटलपासूनचे अंतर वेगळे शोधावे लागत नाही.

नॉर्दर्न पॅसिफिक कंपनीचा लोहमार्ग १८८१ मध्ये येथे पोहोचला आणि गाव त्याच्याच आधाराने वाढले. १९१० मध्ये बांधलेल्या विटांच्या स्थानकात आता स्थानिक संग्रहालय आहे. ते उन्हाळ्यात आणि ठरावीक वेळीच उघडे असते, त्यामुळे निघण्यापूर्वी वेळ विचारून घ्यावी. मात्र बंद असले तरी इमारत बाहेरून नीट पाहता येते. शिकागोहून पोर्टलंडला जाणारी अ‍ॅमट्रॅकची ‘एम्पायर बिल्डर’ ही प्रवासी गाडी रात्री येथून न थांबता जाते, म्हणून रेल्वेने येथे उतरता येत नाही.

स्थानक पाहून झाल्यावर रुळांच्या कडेने, सार्वजनिक रस्त्यावरूनच, धान्यकोठारांकडे जावे. या भागातील जुनी कोठारे उंच नसून लांबट आणि बैठी होती, कारण येथील गहू विसाव्या शतकात बराच काळ सुटा नव्हे, तर पोत्यांत भरून जात असे. दक्षिण अमेरिकेच्या टोकावरील केप हॉर्नला वळसा घालून युरोपला जाणाऱ्या शिडाच्या जहाजांत सुटे धान्य एका बाजूला सरकले, तर जहाज कलंडण्याचा धोका असे. शिवाय उन्हाळा कोरडा असल्याने पोत्यांची थप्पी उघड्यावर रचली तरी चालत असे. ही तागाची पोती मुख्यतः कोलकात्याहून येत. बंगालमधला ताग आणि येथला गहू यांची अशी गाठ पडलेली असेल, याची मला कल्पना नव्हती, आणि खरे सांगायचे तर आजच्या उंच धान्यकोठ्यांपेक्षा मला हीच गोष्ट अधिक रंजक वाटली.

पोती मागे पडल्यावर सुटे धान्य वर चढवून साठवणारी उंच कोठारे, म्हणजे एलिव्हेटर, उभे राहिले. ट्रक वजनकाट्यावर येतो, धान्याचा नमुना तपासला जातो, गहू खालच्या खड्ड्यात ओतला जातो, बादल्या लावलेला पट्टा तो माथ्यापर्यंत चढवतो आणि तेथून तो स्वतःच्या वजनाने हव्या त्या कोठीत उतरतो. आता मात्र सारे लक्ष गावाबाहेरील धान्य-टर्मिनलकडे, म्हणजे मालगाड्या भरण्याच्या केंद्राकडे, वळले आहे. तेथे गोल फिरून परत येणाऱ्या रुळावर ११० डब्यांची गाडी न तोडता भरतात. एका डब्यात सुमारे १०० टन याप्रमाणे एका खेपेत अकरा हजार टनांच्या आसपास धान्य कोलंबिया नदीवरील बंदरांकडे रवाना होते. पांढऱ्या मऊ जातीचा हा गहू पुढे जपान, फिलिपिन्स आदी देशांत जातो.

हे सर्व चालू स्थितीत पाहायचे असल्यास जुलैअखेर ते ऑगस्ट हा कापणीचा काळ निवडावा. कोठारे खासगी मालकीची आहेत, तेव्हा कार्यालयात विचारल्याशिवाय आवारात शिरू नये. रुळांवर उतरणे तर गुन्हाच आहे, आणि मालगाड्याही वेगाने येतात. धुळीचा त्रास असणाऱ्यांनी मुखपट्टी जवळ बाळगावी. अरुंद रस्त्यांवर धान्याच्या ट्रकना आधी वाट द्यावी. कापणीच्या दिवसांत त्यांना उसंत नसते.

वेळ उरल्यास यूएस ३९५ मार्गाने सुमारे २७ किलोमीटरवरील लिंड गाठावे. तेथून मिलवॉकी रोड या दुसऱ्या कंपनीचाही मार्ग जात असे. १९८० मध्ये तो बंद पडला आणि त्याच्या मार्गावर आज चालण्या-सायकलसाठीची राज्य पायवाट आहे. वाटेत सावली जवळजवळ नाही, म्हणून पाणी आणि पेट्रोल रिट्झव्हिलमध्येच भरून घ्यावे.