मागचाच की नवा?

बुधवार, रात्री साडेदहा

मामांचं बोलणं काही डोक्यातून जात नाही. रक्ताचा रिपोर्ट दिला, वायव्हॅक्स (मलेरियाचाच एक प्रकार) पॉझिटिव्ह. कागद उलटसुलट करून ते म्हणाले, "ताई, ह्यो मागचाच हाय का नवा?" मी म्हटलं, "मलेरिया तो मलेरिया, मामा." तर शांतपणे म्हणतात, "आमी चादरीची कड बघून कुठल्या मागावरची ते सांगतो. तुमी तर मशिनीतनं बघता."

बाकावरचे तीन-चार जण हसले. लागलं मला. सकाळी आठपासून मान मोडून मायक्रोस्कोपला बसायचं, एकेका स्लाईडची शंभर-शंभर फील्ड बघायची, पगार कुणाला सांगायची सोय नाही, आणि वर हे. सर तिथेच उभे होते, एक शब्द बोलले नाहीत. असो.

पण प्रश्न बरोबर होता, म्हणूनच लागलं. फेब्रुवारीतली त्यांची स्लाईडही मीच बघितली होती. तीच फुगलेली लाल पेशी, आत वेडावाकडा पसरलेला जंतू, भोवती शुफ्नरचे गुलाबी ठिपके. आजही तेच. रंग लावला की सगळे वायव्हॅक्स भावंडं दिसतात. आत जनुकं किती वेगळी, ते भिंगातून कुठलं कळायला! त्यांचे नर-मादी जुळतात डासाच्या पोटात. दोन वंशांचे जंतू एकाच डासाने ओढले की तिथेच सरमिसळ.

मागचाच असेल, तर तो यकृतात दडून बसला होता. म्हणजे यकृतातला जंतू मारणाऱ्या प्रायमाक्वीनच्या गोळ्यांचे चौदा दिवस बहुधा पुरे झाले नाहीत (ताप उतरल्यावर गोळ्या घेतंय कोण?). नवा असेल, तर डास त्यांच्या गल्लीतच. आपल्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी, घरोघरी ड्रम भरलेले. एकात गोळ्या मोजायच्या, दुसऱ्यात ड्रम उपडे करायचे. मी दोन्हींतलं काहीच न विचारता कागद हातात दिला. मलेरिया तो मलेरिया! काय पण बोलले.

जेवण झाल्यावर वाचत बसले. फाल्सिपेरमची, म्हणजे मलेरियाच्या दुसऱ्या जंतूची, तर वेगळीच कथा. झटपट तपासणीचं किट ज्या प्रथिनावर चालतं त्याचं जनुकच गळालेले जंतू निघालेत, 2010 साली पेरूमधून पहिल्यांदा छापून आलं. रक्तात जंतू आणि किटवर कंट्रोलची एकच रेघ, म्हणजे निगेटिव्ह. अशांमुळे स्लाईड टिकून आहे, आणि माझी नोकरीही.

आणि खरी गंमत पुढेच. वायव्हॅक्सचा यकृतातून उठणारा जंतू फेब्रुवारीतल्यापेक्षा वेगळ्या वंशाचा असू शकतो, आणखी जुन्या कुठल्या तरी चाव्यातला. म्हणजे वेगळा निघाला तरी नवाच असं नाही. जनुकं वाचणारेही इथे अडखळतात. मामांना हे सांगितलं तर म्हणतील, मग कड बघा.

आजची स्लाईड धुवायला टाकली नाही, डबीत ठेवलीय. फेब्रुवारीची कधीच धुतली गेली, तेव्हा ही ठेवून लावायची कशाशी, देव जाणे. मामा शुक्रवारी येतो म्हणालेत. नळाचा दिवस नसला तर.