रिपोर्ट हातात येईपर्यंतचे अकरा दिवस

माझा कर्करोग चौथ्या टप्प्यातला आहे हे कळल्याला आता चौथे वर्ष लागले. स्तनातून तो मणक्यात आणि बरगड्यांत गेला, यकृतातही एक लहान डाग आहे. तो पूर्ण बरा होणार नाही, पण औषधांनी आटोक्यात ठेवता येईल, हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितले होते. बायोप्सी, निदान, पाठीवरचे रेडिएशन हे सगळे इतक्या भराभर उरकले की घाबरायलाही सवड मिळाली नाही, त्यामुळे त्याविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. मला लिहायचे आहे ते दर तीन महिन्यांनी होणाऱ्या पेट-सीटी स्कॅनविषयी आणि त्याहून अधिक, स्कॅन व रिपोर्ट यांच्यामधल्या दिवसांविषयी. लोक ज्याला सकारात्मक राहणे म्हणतात, त्याची माझी परीक्षा तिथेच झाली आणि एकदा त्यात मी सपशेल नापास झाले.

स्कॅनचा दिवस तसा सोपा असतो. काही तास उपाशी जायचे, रक्तातली साखर तपासायची, शिरेतून किंचित किरणोत्सर्गी साखर टोचून घ्यायची आणि तासभर अंधाऱ्या खोलीत निपचित पडून राहायचे. त्या तासात बोलू नये, मोबाइलशी खेळू नये, काही चघळू नये, कारण कर्करोगाच्या पेशींप्रमाणेच वापरात असलेले स्नायूही ती साखर ओढून घेतात आणि चित्रात नको तिथे उजेड दिसतो. त्या औषधाची किरणोत्सर्गिता दर ११० मिनिटांनी निम्मी होते. माझ्या धाकधुकीचा हिशेब मात्र बरोबर उलटा चालतो.

दुसऱ्या वर्षीच्या एका स्कॅनचा रिपोर्ट तिसऱ्या दिवशी मिळेल असे सांगितले होते. तिसऱ्या दिवशी खिडकीवर गेले, तर रिपोर्ट टाइप झाला आहे पण सही व्हायची आहे, असे उत्तर मिळाले. पाचव्या दिवशी कळले की जुन्या स्कॅनशी तुलना करायची राहिली आहे, तेव्हा जुनी सीडी आणून द्या. सीडी मी स्कॅनच्या दिवशीच दिली होती आणि ती घेतल्याची चिठ्ठी माझ्याजवळ होती. ती दाखवल्यावर तासभर शोधाशोध झाली आणि सीडी दुसऱ्याच कोणाच्या तरी पाकिटात सापडली. तिथे बसलेल्या मुलाने ती उंच धरून दाखवली आणि हसून म्हणाला, “ताई, पॉझिटिव्ह राहा, येईल रिपोर्ट.” त्या वाक्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. हलगर्जीपणा त्यांचा होता आणि मनोबल वाढवण्याची जबाबदारी माझी! सातव्या दिवशी डॉक्टर बाहेरगावी असल्यामुळे भेट चार दिवस पुढे गेली.

नवव्या दिवशी रात्री सव्वाअकरा वाजता रिपोर्ट थेट मोबाइलवर आला. नवरा झोपला होता. त्याला उठवायचे की नाही याचा विचार करत मी स्वयंपाकघरात गेले, दिवा न लावताच फाइल उघडली आणि पहिल्या परिच्छेदातच वाचले की मणक्यातील आणि बरगड्यांतील डागांची घनता पूर्वीपेक्षा वाढलेली आहे. वाढलेली हा एकच शब्द मी पाहिला. पुढची दीड पाने माझ्या डोळ्यांखालून गेली, पण डोक्यात शिरली नाहीत. पुढच्या छत्तीस तासांत मी मनातल्या मनात कपाटे आवरली, बँकेची कागदपत्रे कुठे आहेत याची यादी केली, मुलीशी विनाकारण भांडले आणि ताईचे चार फोन उचलले नाहीत.

अकराव्या दिवशी डॉक्टरांनी तोच परिच्छेद वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला. उपचार सुरू असताना कर्करोगाने पोखरलेल्या जागी नवे हाड धरू लागले की ती जागा सीटीवर अधिक घट्ट, अधिक पांढरी दिसते. सोबत त्या जागेची साखर खेचण्याची क्रिया मंदावलेली असेल, तर बहुतेक वेळा तो भरून येण्याचा अर्थ असतो. ती क्रिया मंदावल्याचे वाक्य त्याच रिपोर्टात, चार ओळी खाली होते. मला रडू आले, आणि खरे सांगायचे तर ते आनंदापेक्षा संतापाचे अधिक होते.

त्यानंतर मी काही गोष्टी बदलल्या. स्कॅनची तारीख घेतानाच डॉक्टरांच्या भेटीची तारीख घेते. ती मिळत नसेल आणि प्रकृतीची घाई नसेल, तर डॉक्टरांना विचारून स्कॅन दोन दिवस पुढे ढकलते. सीडीवर आणि पाकिटावर नाव ठळक लिहिते, शिवाय तिची एक प्रत घरी ठेवते. रिपोर्ट मोबाइलवर आला तर तो नवरा उघडतो आणि मी विचारल्याशिवाय काहीही सांगत नाही. डॉक्टरांसमोर माझे प्रश्न तीनच असतात: नवी जागा आहे का, जुन्या जागा वाढल्या का, औषध तेच राहणार का. ‘स्थिर’ या शब्दावर पूर्वी मी खट्टू होत असे. मोजता येणाऱ्या गाठींची एकूण लांबी निदान ३० टक्क्यांनी घटली तर त्याला प्रतिसाद म्हणतात, आणि निदान २० टक्क्यांनी वाढली किंवा नवी गाठ उगवली तर आजार वाढला असे धरतात. स्थिर म्हणजे या दोहोंच्या मधले. बऱ्या न होणाऱ्या आजारात ही मधली जागा किती प्रशस्त असते, हे तिच्यात राहू लागल्यावरच कळते.

आनंदी राहिलात तर जास्त जगाल, असे सांगणाऱ्यांना मी आता नम्रपणे थांबवते. डोके आणि मानेच्या कर्करोगाच्या १,०९३ रुग्णांचा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात मनाची अवस्था आणि आयुष्याची लांबी यांचा संबंध आढळला नाही. हे वाचले त्या दिवशी मला विलक्षण हलके वाटले. रडण्याने माझी गाठ वाढत नाही, तर मग रडायला हरकत कोणती? दिवस बरा जावा एवढ्यासाठीच मी बरी राहण्याची खटपट करते, आणि तेवढे कारण मला पुरते.

ती खटपट बरीचशी वेळापत्रकाची आहे. माझी गोळी एकवीस दिवस घ्यायची आणि सात दिवस थांबायचे अशी असते. तिने पांढऱ्या पेशी कमी होतात, म्हणून गर्दीतली कामे कधी करायची हे रक्ताच्या तपासणीवरून ठरवते. थकवा झोपून जात नाही, हे मान्य करायला मला वर्ष लागले. रोज थोडे चालल्याने तो खरोखर कमी होतो. मात्र हाडांत आजार असेल तर कोणती हालचाल चालेल आणि किती वजन उचलावे हे आधी विचारावे. पाय अचानक लुळे पडू लागले किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर भेटीच्या तारखेची वाट न पाहता त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. वेदनेच्या गोळ्या ठरल्या वेळी घ्याव्यात, वेदना असह्य होईपर्यंत थांबण्यात कसलाही पराक्रम नाही. मी तो करून पाहिला आहे. उपशामक सेवा, म्हणजे वेदना आणि इतर त्रास कमी करणारी सेवा, ही शेवटच्या दिवसांसाठीच असते असे समजून मी दीड वर्ष त्या विभागाकडे फिरकले नाही. वास्तविक २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगावरील एका अभ्यासात ही सेवा निदानानंतर लगेच मिळालेल्यांना नैराश्य कमी आले आणि ते काहीसे अधिक जगलेही. माझी झोप मला त्याच विभागाने परत मिळवून दिली.

एक गोष्ट वर सांगायची राहिली. हाडे बळकट ठेवण्यासाठी जे इंजेक्शन देतात, ते सुरू करण्यापूर्वी दातांची तपासणी आणि काढायचे दात काढून घ्यावेत, कारण नंतर दात काढल्यास जबड्याचे हाड भरून न येण्याचा धोका असतो. मला हे कोणी सांगितले नव्हते. इंजेक्शनच्या आदल्या दिवशी दाढ ठणकू लागली, म्हणून केवळ मी दंतवैद्याकडे गेले.