छेत्री, कोल्हापूर आलंय

2018 साली, 2 जूनला शनिवारी संध्याकाळी आमच्या दुकानात मशीनवर अर्जेंटिनाचा फ्लेक्स चालू होता. दहा बाय पंधरा. मधे मेस्सी, मागं निळे-पांढरे पट्टे, खाली मंडळाच्या पोरांचे गोल फोटो. त्याच्यामागं रांगेत ब्राझीलचे दोन, जर्मनीचा एक आणि पोर्तुगालचा एक. 14 जूनला रशियात वर्ल्ड कप सुरू होणार, म्हणजे त्याआधीचे पंधरा दिवस कोल्हापुरातल्या आम्हा फ्लेक्सवाल्यांना जेवायला वेळ नसतो. गल्लीच्या एका तोंडाला नेमार, दुसऱ्या तोंडाला मेस्सी. मला हे मनापासून आवडतं. मी स्वतः मंगळवार पेठेत वाढलोय, पाटाकडील तालमीच्या फुटबॉल मॅचला शाळा बुडवलेला माणूस आहे.

तेवढ्यात माझ्या दोस्तानं, मास्तरनं व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ टाकला. सुनील छेत्री. भारताच्या फुटबॉल संघाचा तेव्हाचा कॅप्टन, एकटाच कॅमेऱ्यासमोर, आणि लोकांना विनवतोय. तुम्ही युरोपातल्या मोठ्या क्लबचे चाहते आहात, आमचा दर्जा तेवढा नाही हे मान्य, पण स्टेडियमवर या. शिव्या द्या, टीका करा, पण तोंडावर येऊन करा. आदल्या दिवशी, शुक्रवारी अंधेरीत इंटरकॉन्टिनेंटल कप ह्या चार देशांच्या स्पर्धेत भारतानं चायनीज तैपेईला 5-0 हरवलं होतं, त्यात ह्या माणसाची हॅट्ट्रिक. आणि बघायला माणसं किती? 2,569.

मी मशीनकडं बघितलं. मेस्सीचा खांदा छापून होत आला होता. ह्या दुकानाला अकरा वर्षं झाली होती, दोन वर्ल्ड कप बघितले होते ह्या मशीननं, आणि छेत्रीचा एकही फ्लेक्स मी कधी छापला नव्हता. कुणी मागितला नाही हे खरं, पण मलाही कधी सुचलं नाही.

कोल्हापूरबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं की हा आकडा आम्हाला एवढा का लागला. आमच्याकडं तालीम म्हणजे मूळ कुस्तीचा आखाडा, पण आता त्याच तालमींच्या नावानं फुटबॉलचे संघ खेळतात. पाटाकडील तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम. केएसएकडं, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडं, वरिष्ठ गटाचे सोळा संघ, आणि थंडीपासून पावसाच्या तोंडापर्यंत शाहू स्टेडियमवर मॅचेस. पाटाकडील-बालगोपाल असली की दुपारपासून गॅलरी भरायला लागते. पेठेतली दुकानं अर्ध्या शटरवर येतात. गावातल्या दोन तालमींच्या मॅचला आमच्याकडं जी गर्दी होते, तेवढी देशाच्या संघाला मुंबईत होऊ नये?

रात्री पावणेदहाला आम्ही चौघं दुकानासमोर जमलो. मास्तर हा माझा शाळेपासूनचा दोस्त, आता एका शाळेत खेळाचा शिक्षक, पूर्वी बालगोपालच्या गोलात उभा राहिलेला. आबा शिवाजी पेठेतले, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, खंडोबाचे कट्टर. आणि माझा भाचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. भाच्यानं आबांना व्हिडिओतलं इंग्रजी एकेक वाक्य थांबवून मराठीत सांगितलं. आबांनी मोबाइल परत दिला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग म्हणाले, "कॅप्टन माणूस हात जोडाय लागलाय. लई वंगाळ वाटलं बघा."

"सोमवारी केनियाबरोबर हाय," मास्तर म्हणाला. "शंभरावी मॅच हाय त्याची."

"मग जायाचं."

"आबा, अंधेरी हाय ती. चारशे किलोमीटर."

"मी इचारतोय व्हय? जायाचं म्हणालो."

भाच्यानं तिथंच पायरीवर बसून चार तिकिटं काढली. बरं झालं, कारण मॅचच्या आधीच सगळी तिकिटं संपल्याची बातमी आली. एका माणसाच्या व्हिडिओनं दोन दिवसांत स्टेडियम विकलं गेलं.

रविवारी रात्री सगळ्या ऑर्डरी संपवून मी आमच्यासाठी एक फ्लेक्स केला. आठ बाय तीन. निळी पाटी, पांढरी अक्षरं: छेत्री, कोल्हापूर आलंय. फोटो टाकला नाही. नेटवर मिळालेले फोटो लहान होते, आणि लहान फोटो आठ फुटांवर ताणला की फाटतो, चेहऱ्याचे नुसते चौकोन दिसतात. त्या माणसाचा चेहरा मला तसा न्यायचा नव्हता. कडा दुमडून पेस्टिंग केलं, रिंगा मारल्या नाहीत, कारण बांधायचा नव्हता, हातात धरायचा होता.

सोमवारी पहाटे साडेचारला निघालो. मास्तरची गाडी. आबांच्या घरातून भाकऱ्या, झुणका, शेंगदाण्याची चटणी आणि एक मोठा थर्मास आला होता. कराडच्या पुढं उजाडलं. साताऱ्याला कंदी पेढे घेतले, मावशीकडं रिकाम्या हातानं कसं जायचं. खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडलो तेव्हा आकाश पुण्याच्या बाजूला काळं दिसत होतं.

गाडीत सगळा वेळ एकच विषय. मास्तर सांगत होता, छेत्री भारताकडून पहिल्यांदा खेळला तो 2005 साली, पाकिस्तानात, क्वेट्टाला, आणि पहिल्याच मॅचला गोल. तेव्हापासून तेरा वर्षं. शंभर मॅच खेळलेला भारतीय त्याच्याआधी एकच, बायचुंग भुतिया. मग अनिकेत जाधवचा विषय निघाला. 2017 च्या ऑक्टोबरमध्ये 17 वर्षांखालच्या वर्ल्ड कपला आपल्या कोल्हापूरचा पोरगा, रिक्षावाल्याचा मुलगा, भारताच्या जर्सीत उतरला तेव्हा आमच्या चौकात पडदा लावला होता. अमेरिकेनं 3-0 नं हरवलं, तरी माणसं उठून गेली नव्हती. आबा म्हणाले, त्या वेळीच दिल्लीला जायला पाहिजे होतं. ते त्यांच्या मनात राहून गेलं होतं हे मला त्या दिवशी कळलं.

घाटकोपरला मावशीच्या बिल्डिंगखाली गाडी लावली, जेवलो, तासभर पडलो आणि मेट्रोनं निघालो. अंधेरीच्या पुढचं स्टेशन आझादनगर. डबा अंधेरीपर्यंत ऑफिसवाल्यांनी भरलेला होता. पण त्यातच मधे मधे निळ्या जर्सी दिसायला लागल्या. साकीनाक्याला चार पोरं चढली, मरोळला एक बाप आणि त्याची आठ-नऊ वर्षांची मुलगी, तिच्या गालावर तिरंगा. आम्ही एकमेकांकडं बघून मान हलवायचो. तोंडओळखही नाही, पण कुठं चाललोय ते माहीत होतं.

मैदान शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात आहे. हे नाव गेटवर वाचून आबांनी चप्पल नीट केली, टोपी सरळ केली आणि मगच आत पाऊल टाकलं. गेटवरच्या माणसानं फ्लेक्स उलगडायला लावला, वाचला, "कोल्हापूरहून आलात?" विचारलं आणि जाऊ दिलं.

आत गेल्यावर पहिल्यांदा जे बघितलं ते गर्दी. शुक्रवारच्या मॅचचे फोटो आम्ही पाहिले होते, रिकाम्या खुर्च्यांच्या रांगाच रांगा. आज त्याच खुर्च्यांवर माणसं. एका बाजूला ब्लू पिल्ग्रिम्सवाली, म्हणजे भारतीय संघाच्या चाहत्यांच्या गटातली पोरं ढोल घेऊन उभी. मास्तर नुसता चारी बाजूंना बघत राहिला. "ऐकलं लोकांनी," एवढंच म्हणाला.

पाऊस आमच्या आधीच पोचला होता. मुंबईचा पाऊस, सरळ उभा. आम्ही बसलो तिथं थेट अंगावर येत होता. मॅचच्या आधी बायचुंग भुतिया आणि आय. एम. विजयन ह्यांच्या हातून छेत्रीचा सत्कार झाला. तीन पिढ्यांचे तीन स्ट्रायकर एका ओळीत, तिघंही भिजलेले. विजयन म्हणजे आबांचा जीव. आबा खुर्चीवरून उठून उभे राहिले आणि बसलेच नाहीत. राष्ट्रगीत सुरू झालं तेव्हा त्यांनी टोपी काढून छातीशी धरली. मी बाजूलाच होतो. पन्नासभर वर्षं गॅलरीत बसून फुटबॉल बघितलेला हा माणूस, आणि देशाचा संघ समोर बघायची ही त्यांची पहिली वेळ. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी पावसात दिसलं नसेल दुसऱ्या कुणाला, मला दिसलं.

पहिला हाफ 0-0. मैदानात डबकी साचली होती. पास दिला की चेंडू अर्ध्या वाटेत थांबायचा, आणि धावत आलेला गडी त्याच्या पुढं निघून जायचा. मास्तर शाळेतल्या पोरांना सांगावं तसं सांगत होता. "चिखलात जमिनीवरनं द्यायचा न्हाई. उचलून द्यायचा. चेंडू पाण्याच्या वरनं गेला पायजे." पाण्यातला खेळ आम्हाला नवा नाही, मेच्या वळिवात शाहू स्टेडियमवर हेच होतं. केनियाचे गडी उंच, अंगानं दणकट, आणि अशा मैदानावर त्याचा फायदा त्यांनाच होता. आमच्या पुढच्या रांगेत मघाची ती मेट्रोतली मुलगी आणि तिचा बाप होते. मुलगी कुडकुडत होती. आम्ही फ्लेक्स उलगडला आणि आबा, ती मुलगी, तिचा बाप, सगळ्यांच्या डोक्यावर धरला. सॉल्व्हंटची शाई पाण्यानं जात नाही, त्यामुळं अक्षरांची काळजी नव्हती. वरून पावसाचा ताशा वाजत होता आणि खाली आबा तिला पेढा देत होते.

दुसऱ्या हाफमध्ये खेळ बदलला. चेंडू वरून यायला लागले. 68 व्या मिनिटाला छेत्रीला डीमध्ये पाडलं आणि पेनल्टी मिळाली. शंभरावी मॅच, भरलेलं स्टेडियम, स्वतः बोलावून आणलेली माणसं, आणि चेंडूवर तोच उभा. ढोल थांबले. मास्तरनं माझा दंड धरला, त्याचे वळ दुसऱ्या दिवशीही होते. छेत्री धावत आला आणि मारलं. आम्ही बसलो होतो तिथून गोलची जाळी आडवी दिसत होती. चेंडू जाळीत घुसला तसं दोऱ्यांवर थांबलेलं सगळं पाणी एकदम उडालं, दिव्यांच्या उजेडात पांढरी फवारणी झाल्यासारखं. गोल म्हटला की मला आता आयुष्यभर ते पाणी दिसणार.

आम्ही फ्लेक्स वर उचलला. आठ फूट निळं, दोन्ही हात ताणून. मागच्या रांगेतल्या मराठी पोरांनी वाचलं आणि "कोल्हापूर! कोल्हापूर!" चालू केलं. तीन मिनिटांत आपल्याच जेजे लालपेखलुआनं दुसरा गोल दणकावला. आणि शेवटच्या जादा वेळात, सगळे दमलेले, मैदानाचं तळं झालेलं, तेव्हा छेत्री परत एकटा पुढं निघाला आणि गोलकीपरच्या डोक्यावरून चेंडू अलगद आत टाकला. अशा चिखलात, 92 व्या मिनिटाला, पायात एवढी हळुवार ताकद ठेवायची म्हणजे काय असतं, ते ज्यानं ओल्या मैदानावर नव्वद मिनिटं पळून बघितलंय त्यालाच कळेल. मास्तर खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड पुसत राहिला. 3-0.

मॅच संपल्यावर संघ लोकांचे आभार मानायला आला. टाळ्यांनी हात लाल झाले. आबांचा आवाज पूर्ण गेला होता, ते नुसते ओठ हलवत होते. मुलीचा बाप जाताना आबांच्या पाया पडला, आणि मुलीनं बापाचं बघून फ्लेक्सला हात लावून नमस्कार केला.

मावशीनं टॉवेल, कोरडे कपडे, गरम पिठलं-भात. तिनं मेव्हण्यांचे शर्ट आम्हाला दिले, मास्तरला बटण लागेना. बारा वाजता निघालो, आळीपाळीनं गाडी चालवली, घाटात धुकं होतं म्हणून हळू आलो. सकाळी साडेआठला मी दुकानाचं शटर उघडलं. न झोपता उभा होतो, पण दिवसभर गिऱ्हाइकांना मॅचच सांगत होतो.

गुरुवारी न्यूझीलंडनं 2-1 नं हरवलं. दुकानात गर्दी होती, मोबाइलवर तेवढी बघितली, वाईट वाटलं. रविवारी, 10 तारखेला फायनल परत केनियाशी. ह्या वेळी आमच्या गल्लीत, मेस्सीच्या फ्लेक्सखालीच टीव्ही बाहेर काढला. खुर्च्या कमी पडल्या. भारत 2-0, दोन्ही गोल छेत्रीचे, आणि देशासाठी त्याचे गोल झाले 64. तेवढेच त्या दिवशी मेस्सीचे. टीव्हीवर आकडा आला आणि सगळ्यांनी वर बघितलं, फ्लेक्सकडं.

अकराच्या सुमाराला फोन वाजला. अर्जेंटिनाचा दहा बाय पंधरा माझ्याकडून नेलेला पोरगा.

"दादा, दुकान बंद केलं काय?"

"केलं. का?"

"छेत्रीचा चांगला फोटो हाय काय तुमच्याकडं? मोठा. फाटणार न्हाई असा."

भाच्याला लगेच फोन लावला. तो शोधायला लागला.